दमानं नका घेऊ, बाबा!

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं असेल? 'जेवलीस का?' नाही. 'पंखा बंद कर' तर नाहीच नाही. ते वाक्य आहे, 'बाबा, दमानं घ्या!'

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. वय 62. सिनेमात दाखवतात तशी हात थरथरण्याने सुरुवात झालीच नाही. सुरुवात झाली सहीपासून. एक चेक परत आला, कारण काय तर 'सही जुळत नाही'. मी तावातावाने बँकेत भांडायला गेले. काउंटरवरच्या मॅडमनी शांतपणे जुनी आणि नवी सही शेजारी शेजारी ठेवली. जुनी ऐसपैस, खाली झोकदार रेघ. नवी मुंगीएवढी आणि शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेली. मी निमूट घरी आले. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. चालताना बाबांचा उजवा हात हलत नव्हता. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागत होती. माझ्या फालतू जोक्सवर त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. आणि मी समजत होते, रिटायरमेंटचं टेन्शन असेल!

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी 1817मध्ये या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि हालचाली मंदावतात, लहान होतात, अडखळतात. 'हा म्हातारपणाचा आजार, आपल्याला काय त्याचं' असं म्हणून पान उलटू नका. हॉलिवूडच्या मायकल जे. फॉक्सला 1991मध्ये निदान झालं तेव्हा तो 29 वर्षांचा होता. म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचा.

तर निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि आम्ही दोघी, म्हणजे मी आणि आई, बाबांच्या सेवेला लागलो. भाजी आणायची नाही, जिना चढायचा नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात अर्धा तास फेऱ्या, त्यासुद्धा कुणीतरी दंड धरून. बाबा जरा भरभर निघाले की आमची रेकॉर्ड सुरू, 'दमानं घ्या!'

न्यूरॉलॉजिस्टनी एकदा फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. माझ्याच वयाची मुलगी. तिने विचारलं, "काका रोज फिरतात?"

"अगदी न चुकता," मी कॉलर ताठ.

"घाम येतो?"

"छे! दमू देतच नाही आम्ही त्यांना."

ती हसली. म्हणाली, "तिथेच घोळ आहे. तुम्ही काकांना शोकेसमधल्या कपबश्यांसारखं जपून ठेवलंय."

राग आला मला. पण पुढचं तिने जे समजावलं ते डोक्यात पक्कं बसलं. पार्किन्सन्सच्या माणसाला 'जमेल तेवढं करा' असं सांगितलं की तो हळू चालतो, छोटी पावलं टाकतो. तो आळशी नसतो. मेंदूकडून येणारा हुकूमच दबक्या आवाजात येतो. म्हणजे किती जमेल ते माणूस नाही, आजार ठरवतो. म्हणून वेग थोडा बाहेरून ठरवून द्यावा लागतो. घड्याळाने, गाण्याने किंवा सोबत्याने.

घरी आल्यावर जर्नलिस्ट जागी झाली आणि मी वाचायला बसले. 2003मध्ये अमेरिकेत जे अल्बर्ट्स नावाच्या संशोधकाने पार्किन्सन्स असलेल्या एका बाईंसोबत जोडसायकलवरून आख्खं आयोवा राज्य पार केलं. पुढच्या सीटवर तो, त्यामुळे मागे बसून त्या बाईंना त्याच्या वेगाने पेडल मारावे लागले. प्रवासात त्यांचं अक्षर सुधारल्याचं दिसलं आणि अल्बर्ट्सने या विषयावर रीतसर अभ्यास सुरू केला. अक्षर! मला आमचा चेक आठवला.

किस्सा म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. पण पुरावेही आहेत. 2018मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. आजाराच्या सुरुवातीला असलेले, अजून गोळ्या सुरू न झालेले 128 जण, सहा महिने. एका गटाने ट्रेडमिलवर जोरात व्यायाम केला, म्हणजे हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेऊन. दुसऱ्याने मध्यम, 60 ते 65 टक्के. तिसऱ्याचं नेहमीसारखं. डॉक्टर हालचालींना गुण देतात, आणि इथे गुण वाढणं म्हणजे आजार वाढणं. तिसऱ्या गटाचे गुण साधारण 3ने वाढले, मध्यमवाल्यांचे 2ने, आणि दमणाऱ्यांचे जवळजवळ होते तिथेच राहिले. 2019मध्ये नेदरलँड्सच्या 130 पेशंट्सचा अभ्यास आला. निम्मे लोक घरीच, आठवड्यातून तीनदा, 30 ते 45 मिनिटं स्टॅटिक सायकल चालवत होते, समोर स्क्रीनवर गेम लावून. बाकीचे फक्त स्ट्रेचिंग. सहा महिन्यांनी, गोळीचा असर नसताना तपासलं तर दोन्ही गटांत 4 गुणांचा फरक, सायकलवाल्यांच्या बाजूने.

स्टॅटिक सायकल? ती तर आमच्या बेडरूममध्ये होतीच की! पाच वर्षांपूर्वी मी न्यू इयर रिझोल्यूशन म्हणून घेतलेली. सध्या टॉवेल वाळत घालायच्या कामी. टॉवेल उचलले, धूळ पुसली.

आता जरा सीरियसली, कारण हे वाचून कुणी उद्याच घरच्यांना सायकलवर चढवू नका. आधी डॉक्टर. बाबांची हृदयाची स्ट्रेस टेस्ट झाली. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर बीपी मोजलं, कारण या आजारात उठताना बीपी झपकन खाली येऊ शकतं. 220मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. बाबांसाठी 158. त्याचे 80 टक्के म्हणजे 126. तिथे एका उडीत नाही, काही आठवड्यांत पोचायचं. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके वाढतच नाहीत आणि पार्किन्सन्समध्येही तसं होऊ शकतं, मग आकडा फसवतो. तेव्हा सोपी खूण, एका दमात थोडेच शब्द बोलता यावेत. गोळीचा असर चांगला असतानाची वेळ धरायची. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं हळू. उतरताना कुणीतरी शेजारी. तोल जात असेल तर ट्रेडमिलच्या वाटेलाच जायचं नाही. आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच स्टॉप.

पहिला दिवस. शम्मी कपूरची गाणी लावली, पेडलला ठेका हवा ना! तिसऱ्या मिनिटाला बाबांना धाप लागली. आई लाटणं हातात घेऊन धावत आली, "बंद करा ते आधी!" माझाही हात आपोआप हँडलकडे गेला. तोंडातून शब्द निघणारच होते, तेच, नेहमीचे.

बाबा म्हणाले, "कुणी काही बोलू नका. तीन वर्षांनी मला घाम आलाय."

त्या दिवशी आठ मिनिटं झाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाबांसाठी कमी, स्वतःच्या मूर्खपणासाठी जास्त. तीन वर्षं आम्ही त्यांना जीव लावत होतो आणि रोज त्यांचं जग थोडं थोडं लहान करत होतो, त्यांच्या सहीसारखं.

याला आता आठ महिने झाले. सोमवार, बुधवार, शनिवार, 30 मिनिटं. चमत्कार झालेला नाही. व्यायामाने पार्किन्सन्स बरा होत नाही, गोळ्या सुटत नाहीत. बाबांच्याही सुटलेल्या नाहीत. उजवा हात थरथरतोच. सही अजूनही मुंगीएवढी आहे, बँकेत नवा नमुना दिला. पण गेल्या महिन्यात डॉक्टर तपासून म्हणाले, "गेल्या वर्षी होता तिथेच आहात." एरवी अप्रेझलमध्ये असं ऐकलं असतं तर मी राजीनामा दिला असता. त्या दिवशी पेढे आणले!

या सगळ्यात पैसे फारसे लागले नाहीत. लागला तो वेळ, आणि तोच आपल्याकडे नसतो, नाही का? सुरुवातीला बुधवारी डेडलाइन आडवी यायची. मग कळलं, मी घरी नसले की बाबा पेडल मारतात, पण त्यांच्या आजाराच्या वेगाने. शेजारी उभं राहून ठेका धरणारं कुणीतरी लागतंच. मग मीही जागच्या जागी जॉगिंग सुरू केलं. दहाव्या मिनिटाला जीभ बाहेर! ऑफिसचे दोन मजले लिफ्टने चढणाऱ्या बाईकडून आणखी काय अपेक्षा?

परवा बुधवारी असंच चाललं होतं. मी घामाघूम, कमरेवर हात ठेवून उभी. बाबांनी पेडल न थांबवता माझ्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीसारखा स्थिर, पण डोळे हसत होते.

"दमानं घे गं," म्हणाले. "अजून बारा मिनिटं आहेत."