स्वयंचलित फाटके : एक खुलासा



आम्ही स्वयंचलित फाटके बसविणारे लोक ‘स्मार्ट’ जोडणीच्या नावाखाली गिऱ्हाइकाच्या माथी अनावश्यक माल मारतो, हा गतांकातील पत्रलेखकांचा आरोप अंशतः रास्त असला, तरी त्यांची फिर्याद एकतर्फी आहे. तानसा नदीच्या काठी, अकलोलीच्या उष्ण कुंडांच्या आसपास ज्यांची शेतघरे आहेत, त्यांपैकी पुष्कळ मालक मुंबई-ठाण्यास राहतात. तेव्हा माळी दाराशी आला असता फाटक मोबाईलवरून उघडता यावे, ही मागणी चैन खचितच नव्हे. जुन्या धाटणीच्या रिमोटचा संकेत कायम एकच असल्याने तो टिपून त्याची नक्कल करणे सुलभ असते. दर वेळी बदलणारा संकेत घेतल्यास ही धास्ती बरीच ओसरते, आणि तेवढा खर्च मी बेलाशक सुचवितो. मात्र जेथे मोटारीच्या दातेरी पट्टीत चिखल साचला आहे, चाके रुळावर घासत आहेत, आणि मध्ये मूल आले असता फाटक थोपविणारा सेन्सरच बसविलेला नाही, तेथे मोबाईलची जोडणी विकणे यास मी व्यवसायद्रोह समजतो. राहिली गोष्ट वीज गेल्यावर अडकून पडण्याची : मोटारीची पकड सोडविणारी किल्ली बहुधा यंत्रासोबतच मिळते, पत्रलेखकांनी ती मुंबईच्या कपाटात न ठेवता राखणदाराच्या हवाली करावी.

आपला,
फाटके बसविणारा एक व्यावसायिक
अकलोली, तालुका भिवंडी