ड्राइव्ह कोणता घ्यावा, हा प्रश्न अपुरा आहे

२४ ऑगस्ट २०२३ रोजी इस्रोने चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरने उतरताना टिपलेली दृश्ये प्रसिद्ध केली आणि चंद्राचा पृष्ठभाग जवळ येताना आपण सर्वांनी पाहिला. आपल्या देशातील विज्ञान आता शोधनिबंधांइतकेच चित्रीकरणातही वसते, याची ती मोठी खूण होती. प्रयोगशाळांतील अतिवेगवान कॅमेरे, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींच्या हालचाली, विद्यार्थ्यांनी बनवलेले माहितीपट या सगळ्यांचे संपादन करणारी तरुण मंडळी मला वारंवार विचारतात, “सर, व्यावसायिक दर्जाच्या व्हिडिओ संपादनासाठी सर्वांत विश्वासार्ह ड्राइव्ह कोणता?”

माझे उत्तर त्यांची बहुधा निराशा करते. स्वतःच्या बळावर विश्वासार्ह असा एकही ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. विश्वासार्हता असते ती ड्राइव्हभोवती उभ्या केलेल्या व्यवस्थेत. आणि ही व्यवस्था उभी करण्याचा भार आपण आज विद्यार्थ्याच्या खिशावर टाकून मोकळे झालो आहोत. हे बदलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गरज किती, ते पाहू. ३८४० × २१६० पिक्सेलचे, सेकंदाला २४ चौकटींचे चित्रीकरण प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपात ठेवले, तर सेकंदाला सुमारे ८८ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ३१८ गिगाबाइट जागा लागते. प्रयोगशाळेतला हिशेब याहून मोठा. दहा लाख पिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला १०,००० चौकटी टिपत असेल आणि प्रत्येक पिक्सेलला एक बाइट लागत असेल, तर एका सेकंदाचे १० गिगाबाइट होतात. चार सेकंदांचा प्रयोग, चाळीस गिगाबाइट!

फिरत्या तबकडीची चांगली हार्ड डिस्क सलग वाचन सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास करते. एका कॅमेऱ्याच्या दृश्याला ते पुरते. पण टाइमलाइनवर तीन-चार कॅमेऱ्यांची दृश्ये एकाच वेळी चालवली की डिस्कच्या वाचकाला तबकडीवर इकडून तिकडे धावावे लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे दर धावेमागे सरासरी ४.२ मिलिसेकंद नुसते वाट पाहण्यात जातात, हात हलण्याचा वेळ निराळाच. एसएसडीत हलणारा भाग नसल्याने ही अडचण येत नाही. म्हणून काम एसएसडीवर आणि साठवण हार्ड डिस्कवर, ही विभागणी योग्यच आहे.

मात्र दोन्हींच्या खोक्यांवरील मजकूर सावधपणे वाचावा. एसएसडीवर छापलेला लेखनाचा वेग पुष्कळदा तिच्यातील छोट्या, चपळ राखीव भागाचा असतो. तो भाग भरला की वेग कोसळतो, आणि मोठे चित्रीकरण उतरवून घेताना नेमका तोच क्षण गाठला जातो. शिवाय एसएसडीत माहिती म्हणजे पेशींत अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू निसटतात आणि तापमान वाढले की अधिक वेगाने निसटतात. ‘जेडेक’ या संस्थेच्या मानकानुसार, ठरलेले सर्व लेखन सोसून झालेल्या ग्राहकोपयोगी एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली, की ती कसोटीला उतरली. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकवते. तरीही उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहण्यासाठी तिची घडण नाही.

हार्ड डिस्कमध्येही एक भेद आहे. काही डिस्कांत चुंबकीय पट्टे छपरावरील कौलांसारखे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. जागा वाढते, पण मधला पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सतत फेरलेखन होणाऱ्या कामात अशी डिस्क रखडते. ही रचना आपल्या काही डिस्कांत असल्याचे बड्या उत्पादकांनी ग्राहकांना ठळकपणे सांगितले नव्हते, हे २०२० साली उघड झाले. खरेदीपूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

आता ‘विश्वासार्हते’च्या आकड्याकडे वळू. ‘दोन बिघाडांमधील सरासरी काळ २५ लाख तास’ असे वाचून डिस्क २८५ वर्षे चालेल असे वाटते. अर्थ तसा नाही. हजार डिस्का वर्षभर अखंड चालवल्या, तर त्यांतील साडेतीनच्या आसपास बिघडतील, एवढेच तो आकडा सांगतो. तेही कागदावर. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख ड्राइव्हची नोंद तपासली, तेव्हा उत्पादकांच्या पत्रकांत वार्षिक बिघाड जास्तीत जास्त ०.८८ टक्के असताना प्रत्यक्षात ड्राइव्ह बदलण्याचे प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के, तर काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवले की बिघडलेल्या निम्म्याहून अधिक ड्राइव्हनी स्वयंनिदानाच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातूनही पूर्वसूचना दिली नव्हती.

हे सारे मी वाचले ते उशिरा, आधी भोगले. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी पृष्ठभागावर आदळणाऱ्या थेंबांचे चित्रीकरण करत होतो. कॅमेरा लाखो रुपयांचा, आणि चित्रीकरण मात्र टेबलावरच्या एका साध्या बाह्य डिस्कवर. एके सकाळी ती टक्-टक् वाजू लागली आणि थोड्या वेळाने गप्प झाली. मी घाबरलो नाही, कारण दुसरी प्रत होती. ती उघडली, तर फोल्डरांची नावे सगळी जागच्या जागी आणि सात आठवड्यांच्या फायली अर्धवट. कुठल्याशा रात्री नक्कल मध्येच थांबली होती. मी प्रत काढली होती, प्रत तपासली नव्हती. थेंब पुन्हा पाडता आले. पण ज्या नमुन्यांवर ते पडले होते, ते संपले होते. नवे नमुने मिळून प्रयोग पुन्हा होईपर्यंत अर्धे वर्ष गेले.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला संभाव्यतेचे गणित तरी यावे! वर्षाला दोन टक्के शक्यतेने बिघडणाऱ्या दोन डिस्का एकाच वर्षी जाण्याची शक्यता अडीच हजारांत एक, असे आपण चटकन मांडतो. पण हा गुणाकार दोन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या, एकाच विजेच्या पट्टीला जोडलेल्या, एकाच पिशवीतून फिरणाऱ्या डिस्का स्वतंत्र कशा? अनेक डिस्का एकत्र जोडणारी ‘रेड’ रचनाही याला अपवाद नाही. एक डिस्क गेली तरी ती काम चालू ठेवते. मात्र चुकून पुसलेली फाइल ती सर्व डिस्कांवरून तितक्याच तत्परतेने पुसते.

निष्काळजीपणाचा हा मक्ता केवळ आपल्याकडे नाही. अपोलो-११ च्या चांद्रविहाराचे मूळ, अधिक सुस्पष्ट दूरचित्रवाणी संकेत ज्या चुंबकीय फितींवर नोंदले होते, त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला. आज आपण पाहतो ती दृश्ये प्रक्षेपणाच्या प्रतींवरून सुधारलेली आहेत. चंद्रावर माणूस पोहोचवणाऱ्यांना फितींची टंचाई नडली.

आपल्याकडे चांगले उदाहरणही आहे. इस्रोने बंगळुरूजवळ ब्यालालू येथे अवकाशविज्ञानाचे विदाकेंद्र उभारले आणि ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून चांद्रयान-२ ची विदा जगाला खुली केली. तिथे साठवण हा मोहिमेचाच भाग आहे. सामान्य प्रयोगशाळेत काय दिसते? प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याला ‘उपकरणे’ हे सन्मानाचे शीर्षक मिळते. डिस्क मात्र वर्षअखेरीस ‘आकस्मिक खर्चा’त उरलेल्या पैशांतून, सर्वांत कमी दराच्या निविदेवर येते. विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि बहुतेक वेळा डिस्कही त्याच्याबरोबर जाते.

“मग क्लाउडवर ठेवा,” असे सांगितले जाते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर एक टेराबाइट पाठवायला २२ तासांहून अधिक वेळ लागतो, आणि प्रकल्प संपला की भाडे कोण भरणार, हा प्रश्न उरतोच. सर्वच चित्रीकरण जपण्याजोगे नसते, हेही मला मान्य आहे. पण काय टाकायचे, हे माणसाने विचारपूर्वक ठरवावे. डिस्कच्या बिघाडाने ठरवू नये.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत विदा-व्यवस्थापनाची योजना बंधनकारक केली. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आपल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननेही ती मागावी आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद द्यावी. पैशाविना योजना मागितली, तर आणखी एक अर्ज भरला जाईल, इतकेच.

तोवर विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडके आहे :

१. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत.
२. दोन डिस्का वेगवेगळ्या वेळी, शक्य तर वेगवेगळ्या उत्पादकांच्या घ्या.
३. नक्कल झाल्यावर दोन्हीकडचे चेकसम जुळवा. ते जुळेपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नका.
४. दर सहा महिन्यांनी प्रत उघडून पाहा आणि डिस्क जुनी होण्याआधीच नव्या डिस्कवर हलवा.

एवढे केलेत, तर कोणत्याही नामवंत उत्पादकाचा मध्यम किमतीचा ड्राइव्ह पुरेल. हे केले नाहीत, तर सर्वांत महागडाही पुरणार नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी एकच करा : तुमची दुसरी प्रत शोधा आणि तिच्यातली कोणतीही एक फाइल शेवटपर्यंत चालवून पाहा.