यकृताच्या धोक्याची सूचना उशिरा का मिळते?

अतिदक्षता विभागातील सेप्सिसच्या रुग्णाचा रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणाक्षणाला पडद्यावर उमटत असते. मूत्रपिंडांची अवस्था तासागणिक मोजल्या जाणाऱ्या लघवीवरून कळते. यकृताचे मात्र तसे नाही. ते बिघडू लागल्याचे बहुधा डोळ्यांत पिवळेपणा उतरल्यावर किंवा दुसऱ्या दिवशीचा रक्ततपासणी अहवाल हाती आल्यावरच ध्यानात येते. ही सूचना आधी मिळावी, यासाठी रक्तातील नव्या निर्देशकांचा शोध सुरू आहे.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांवर उलटणे म्हणजे सेप्सिस, अशी व्याख्या 2016 मध्ये निश्चित झाली. 'लॅन्सेट'मध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, 2017 या एका वर्षात जगभरात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. यांतील बहुतांश रुग्ण गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतील होते. रक्तातील जंतू व विषारी द्रव्ये गाळणे, रक्त गोठवणारी प्रथिने तयार करणे आणि औषधांचा निचरा करणे ही कामे यकृताची. साहजिकच ते ढासळले की इतर अवयवांवरचा ताणही वाढतो.

अवयवांची हानी मोजण्यासाठी 1996 मध्ये मांडलेल्या 'सोफा' गुणपद्धतीत यकृतासाठी बिलिरुबिन हा एकच निकष ठेवण्यात आला. त्याचे प्रमाण डेसिलिटरमागे 1.2 मिलिग्रॅमवर गेल्यास एक गुण आणि 2 मिलिग्रॅमपासून दोन गुण. अडचण अशी की, बिलिरुबिन उशिरा वाढते. शिवाय तांबड्या पेशी फुटल्या किंवा पित्तनलिकेत खडा अडकला, तरीही ते वाढते. एसजीओटी स्नायू व हृदयातूनही रक्तात येते. संसर्गाचा अंदाज देणारे सीआरपी तर यकृतातच तयार होते. त्यामुळे यकृत निकामी झाल्यास ते फसवे कमी दिसू शकते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आढळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या गंभीर रुग्णांत कावीळ तीव्र असते, पण एसजीपीटी अनेकदा माफकच वाढलेले असते. एका आकड्यावर विसंबणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

नव्या निर्देशकांत पित्ताम्लांकडे विशेष लक्ष वेधले गेले आहे. जर्मनीतील येना येथील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सेप्सिस झालेल्या उंदरांच्या यकृतातील पित्ताम्लांचा निचरा लवकरच बिघडत असल्याचे आढळले. रुग्णांच्या रक्तातील त्यांची वाढही पुढील धोक्याशी निगडित असल्याचे दिसले. यकृतपेशी मरताना रक्तात उतरणारे केराटिन-18 चे तुकडे आणि मुख्यत्वे यकृतातच असणारा मायक्रोआरएनए-122 हेही अभ्यासाचे विषय आहेत.

तथापि, या चाचण्या रुग्णशय्येपाशी पोहोचण्यात अडथळे आहेत. कोणत्या पातळीला धोका मानावा, यावर एकमत झालेले नाही. मायक्रोआरएनएच्या तपासणीला वेळ व विशेष उपकरणे लागतात. पित्ताम्लांची चाचणी गर्भवतींमधील यकृतविकारासाठी आधीपासून वापरात आहे. पण सिऱ्होसिसमध्येही त्यांचे प्रमाण वाढत असल्याने सेप्सिसमध्ये तिचा अर्थ लावणे सोपे नाही.

शिवाय, सेप्सिसने होणारी यकृताची हानी थांबवणारे खास औषध अद्याप नाही. मग आधी कळून लाभ काय? लाभ आहे तो निर्णयांत. यकृताला अपायकारक औषधे वेळीच थांबवता येतात, इतरांच्या मात्रा बदलता येतात, रक्तदाब सावरण्याकडे अधिक लक्ष देता येते आणि पोटात दडलेला संसर्गाचा उगम तातडीने शोधता येतो. नव्या चाचणीचे मोल तिच्या नावीन्यावर नव्हे, तर तिने उपचार बदलतात की नाही, यावर ठरेल. तोपर्यंत नेहमीच्या, स्वस्त तपासण्या ठरावीक अंतराने करून त्यांचा कल पाहणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. काल 0.5 असलेले बिलिरुबिन आज 1.1 झाले, तर आकडा अजूनही मर्यादेत असतो; सूचना मात्र मिळालेली असते.