झाडाच्या कचेरीतले कारकून

वरूडचे आमचे मेहुणे दिवाळीला अमरावतीस आले की, संत्र्यांची करंडी आधी घरात शिरते आणि मागाहून ते. यंदा करंडी आली, पण पाहुण्यांचा चेहरा काही खुलेना. चहा घेता घेता म्हणाले, "भाऊजी, मृग गेला हातचा. मे महिन्यात झाडाले ताण देल्ला, अन् मधातच पाणी आलं. फूलच नाही धरलं. आता पुढच्या आंबियावर भिस्त हाये."

संत्री केवळ सोलून खाणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. बहर हवा तर बागेचे पाणी काही काळ तोडावे लागते; त्याला म्हणतात ताण. मृग बहरासाठी तो उन्हाळ्यात, आंबिया बहरासाठी डिसेंबरात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. कमी पडला तर नुसती पालवी फुटते, फाजील झाला तर झाडच वाळते. मेहुण्यांची अकरा झाडे मागे अशीच गेली.

"पण तहानेने फूल का यावे?" असे मी विचारले मात्र, आमची कन्या सरसावून बसली. ती अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते. म्हणाली, "बाबा, तुम्ही तहसिलीत जन्मभर नकला दिल्या ना? झाडाच्या पेशीतही तेच चालते. जनुक म्हणजे मूळ दप्तर. ते जागचे हलत नाही. त्याची नक्कल निघते, ती आरएनए. नकलेवरून प्रथिन बनते आणि काम होते."

"म्हणजे नक्कल निघाली की काम झाले?"

"तुमच्या कचेरीत होत असे?"

मी गप्प बसलो. नकलेला चिकटणारी निराळी प्रथिने असतात म्हणे. कोणी तिची काटछाट करते, कोणी ती जपून ठेवते, कोणी केराच्या टोपलीत टाकते. उन्हाचा तडाखा बसला की कित्येक नकला गाठोड्यात बांधून ठेवल्या जातात आणि दिवस बरे आले की सोडल्या जातात. अगदी आमचे कारकूनच!

इंग्लंडात नॉर्विच येथे कॅरोलिन डीन यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली असा एक कारकून उजेडात आणला. त्याचे नाव एफसीए. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस नावाच्या चिमुकल्या रोपात फुलोऱ्याला लगाम घालणारे एक जनुक आहे. त्याच जनुकावरून उलट्या बाजूनेही एक नक्कल निघते. एफसीए तिला धरून आखूड तोडायला लावते, आणि तेवढ्याने लगामाचे दप्तर मिटत जाते. हा कारकून नसला तर रोप फार उशिरा फुलते.

"संत्र्याचं सांग ना, पोरी," मेहुणे म्हणाले.

"संत्र्याची गोष्ट थोडी वेगळी, मामा. तिथे ताण किंवा थंडी बसली की फुलोरा आणणाऱ्या एफटी जनुकाच्या नकला वाढतात. मध्येच पाऊस झाला की ताण मोडतो."

"मंग त्या कारकुनाले काही चिरीमिरी देऊन भागते का?"

मेहुण्यांच्या तोंडावर दोन दिवसांत प्रथमच हसू आले. मी मात्र उगाच माझ्या जुन्या टेबलाकडे पाहिले.

निघताना ठरले ते असे: डिसेंबरात पाणी तोडायचे, पण सगळ्या बागेचे एका दिवशी नाही. विहिरीकडची जमीन भारी आहे, तिला आधी. नाल्याकडची हलकी, तिला पंधरा दिवस मागून. आणि पाने सुकून गळू लागली की अकोल्याला फोन करायचा.

"फोन नाही, तूच ये," मेहुणे पायरीवरून म्हणाले. "तुही मामी पुरणपोळ्या करन."