घोडा बुजला म्हणजे

घोडा बुजला कीं अडाणी स्वार प्रथम चाबूक उगारतो. ग्रीक सेनानी झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला, त्यांत या रीतीचा स्पष्ट निषेध आहे. आणि त्याचें कारण मोठें मार्मिक आहे. ज्या वस्तूस घोडा भ्याला तिच्यासमोरच त्यास मार बसला, तर ती वेदना त्या वस्तूनेंच दिली असें तो समजतो व त्याचें भय दुणावतें. (छडीनें पाढे शिकविणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) स्वारानें स्वतः त्या वस्तूस हात लावावा व घोड्यास हळूहळू तिच्याजवळ न्यावें. रागाच्या भरांत तर घोड्याशीं व्यवहारच करूं नये, असें तो बजावतो.

कौटिल्यानेंही घोड्यांचे तीक्ष्ण, भद्र व मंद असे भेद मानून तदनुसार त्यांस काम नेमावें, असें म्हटलें आहे.

आतां शाबासकीविषयीं. मानेवर सटासट थापा मारण्यापेक्षां, आयाळ संपते तेथें बोटांनीं खाजवावें. तसें केल्यानें घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासांत दिसून आलें. घोडे एकमेकांसही बहुधा तेथेंच खाजवितात.