परसातली टाकी

घर बांधताना देवघराच्या दिशेवर, स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आठ-आठ दिवस चर्चा होते. परसातल्या सेप्टिक टाकीवर मात्र एकदा झाकण बसलं की तिची आठवण थेट तुंबल्यावरच होते. ड्रेनेजची लाईन न पोचलेल्या आपल्या वसाहतींत आणि खेड्यांत घरोघरी हीच कथा.

टाकीचं काम साधं आहे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवतात. मधलं पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे कन्नडातल्या इंगुगुंडीत, जाऊन जमिनीत मुरतं. जीवाणू हे आपले बिनपगारी गडी! स्वच्छतेच्या हौसेने संडासात ॲसिड आणि फिनेल भरमसाट ओतलं, तर आधी तेच मरतात. सॅनिटरी पॅड, प्लॅस्टिक, तळणाचं उरलेलं तेल यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नये. गॅस पाईपच्या तोंडाला डासांसाठी जाळी बांधावी. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा.

तरीही थोडा गाळ साठतोच. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी पंपाची गाडी बोलावून टाकी उपसून घ्यावी. आपण ती तुंबेपर्यंत थांबतो. मग ऐन सणात, घरात पाहुणे असताना गाडी मिळत नाही आणि कुणीतरी म्हणतं, "एखादा माणूस उतरवा की!"

घात होतो तो इथेच. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. तो जास्त असला की नाकाला वासच कळेनासा होतो, त्यामुळे 'वास येत नाही' या भरवशाला अर्थ नाही. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरला आहे आणि घरमालकही त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण गेलेला माणूस त्याच्या मुलाबाळांना कोण परत देणार?

कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहितो. तिथेच टाकी उपसल्याची तारीखही लिहा आणि दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्या. शेवटची कधी उपसली ते आठवत नसेल, तर गाडी याच महिन्यात बोलवा.