छपरावरील वीज आणि घराचा हिशेब

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसविल्याने विजेचे बिल खरोखर उतरते काय, असा प्रश्न गावोगावी ग्रामसेवकांना विचारला जातो. याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावयास हवे. परंतु ते प्रत्येक घरास सारखेच लागू पडत नाही. पॅनेलसोबत बॅटरीही घ्यावी काय, हा तर अगदी निराळा प्रश्न आहे. विक्रेते हे दोन्ही प्रश्न एकत्र करून सांगतात व तेथेच शेतकऱ्याचा पैसा अडकतो.

प्रथम पॅनेलचा विचार करू. १ किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यापासून सुमारे ४ युनिट वीज मिळते. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. पहिल्या १०० युनिटांस दर कमी, त्यापुढील युनिटांस बराच अधिक. म्हणून ज्या घरी महिना २०० ते ३०० युनिट जळतात, त्या घरचे सर्वांत महाग युनिट प्रथम वाचतात. ज्या घरी ५०-६० युनिटच लागतात, तेथे वाचणारा युनिट हा स्वस्तातील युनिट असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये, तिसऱ्यास १८ हजार रुपये व एकूण जास्तीत जास्त ७८ हजार रुपये केंद्राचे साहाय्य ठरले. समजा, २ किलोवॅटच्या संचास १ लाख २० हजार रुपये पडले. ६० हजारांचे साहाय्य वजा जाता ६० हजार उरतात. महिना दीड हजार रुपये वाचणाऱ्या घरास ही रक्कम ४० महिन्यांत भरून येईल. पॅनेलचे आयुष्य मात्र २०-२५ वर्षांचे. हा व्यवहार चांगला आहे. याउलट महिना साडेतीनशे रुपये वाचणाऱ्या लहान घराने १ किलोवॅटसाठी ३० हजारांचे कर्ज काढले, तर मुद्दल फिटण्यासच सात वर्षे लागतील, व्याज निराळेच. अशा घरास राज्याकडून अधिक साहाय्य मिळत असेल तर ते आधी पाहावे, कर्जाचा विचार नंतर. योजनेच्या नावात ‘मुफ्त’ हा शब्द असला तरी मीटरचा स्थिर आकार भरावाच लागतो, हेही लोकांस स्पष्ट सांगावे.

आता बॅटरीकडे वळू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटर बसविता येतो. दिवसा उरलेली वीज वाहिनीत जाते, रात्री घेतलेल्या युनिटांतून ती वजा होते व शिल्लक पुढील महिन्याच्या खाती पडते. म्हणजे वाहिनी हीच आपली बॅटरी, आणि तिला पाणी घालावे लागत नाही! हे खाते ३१ मार्चला मिटते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत साठलेले युनिट पावसाळ्यात उपयोगी पडतात, परंतु हिवाळ्यातील शिल्लक वर्षअखेरीस अल्प दरानेच जाते. गरजेपेक्षा मोठा संच बसविण्यात यास्तव अर्थ नाही.

१५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची एक बॅटरी घ्या. तिच्यात १.८ युनिट मावतात. ती लवकर खराब होऊ नये म्हणून निम्मीच वापरावयाची, म्हणजे रात्री सुमारे ०.९ युनिट. महिन्यास २७ युनिट झाले. १० रुपये दराने वर्षाचे सुमारे ३,२०० रुपये होतात. बॅटरी १५ हजारांची व पाच वर्षे टिकणारी धरली तर वर्षाला ३ हजार तिच्यातच गेले. शिवाय भरताना व काढताना काही वीज वाया जाते, आणि नेट मीटर असेल तर हेच युनिट बॅटरीवाचूनही खाती जमा झाले असते. बिल उतरविण्यासाठी बॅटरी घेणे म्हणूनच आमच्या मते गैर आहे. लिथियमची बॅटरी अधिक वर्षे टिकते, पण महागही तितकीच. वेळेनुसार निरनिराळा दर घेणाऱ्या ग्राहकांनी मात्र आपला हिशेब स्वतंत्रपणे मांडावा.

तथापि एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. वाहिनीशी जोडलेला साधा संच, वाहिनीतील वीज गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवास धोका होऊ नये म्हणून तशी योजना केलेली असते. ज्या गावी वीज वारंवार जाते, तेथे मुलांचा अभ्यास, दूध ठेवण्याचा फ्रीज किंवा आजारी माणसाचे यंत्र यांसाठी बॅटरी जरूर घ्यावी. तो सोयीचा खर्च आहे, बचतीचा नव्हे. तो त्याच नावाने वहीत लिहावा.

कृषिपंपाची सौर योजना निराळी आहे. तिचे अर्ज व अनुदान घरच्या संचात मिसळू नयेत.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवावीत. एका पॅनेलवर नारळाची वा टाकीची सावली पडली तरी तिच्या रांगेतील इतर पॅनेलचे उत्पन्न घटू शकते. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ फार बसते. तेव्हा पहाटे, पॅनेल थंड असताना, मऊ फडक्याने ती धुवावीत. विहिरीचे पाणी खारे असेल तर ते अंगावर वाळू देऊ नये, कारण त्याचे पांढरे डाग काचेवर राहतात.